बाटली कोणत्या विहिरीत बुडते?



आमच्या गावात पाणी तपासणारा माणूस आला तेव्हा मी नववीत होतो. खांद्याला पिशवी, पिशवीत बाटल्या. एस्टीतून उतरला, ग्रामपंचायतीत चहा प्याला आणि गावच्या विहिरीवर गेला. दोरीनं बाटली खाली सोडली, भरून वर घेतली, बूच लावलं, चिठ्ठी चिकटवली आणि दुपारच्या एस्टीनं परत. वस्तीकडे तो आला नाही. यायचं त्याला कारणच नव्हतं. त्याच्या कागदावर गाव एक होतं आणि गावाची विहीरही एकच होती.

महिन्याभरानं पंचायतीच्या फळ्यावर कागद लागला : ‘गावाचे पाणी पिण्यास योग्य आहे.’

मी पळत घरी आलो. मायला सांगितलं, आपलं पाणी चांगलं हाय. माय भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, “कोणचं पाणी रं? ती हीर गावाची. आपुन कवा पेलो तिचं?”

आम्ही हापशाचं पाणी प्यायचो. हापसा वस्तीत आला तो विकास म्हणून आला, असं सरकारी दप्तर सांगतं. आजी वेगळं सांगायची. आमचा हंडा गावच्या विहिरीला लागू नये म्हणून गावानंच खटपट करून आमच्यासाठी वेगळा हापसा आणला. दोनशे फूट खालचं पाणी. थंड, नितळ, चवीला बरं. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी नारळ फोडला. गावची विहीर उथळ आणि आमचा हापसा खोल. त्या खोल खडकात फ्लोराइड होतं.

वस्तीतल्या पोरांचे दात पांढरे आलेच नाहीत. पिवळे, तपकिरी डागांचे. शाळेत मास्तर म्हणायचे, “दात घासत जा रे.” आम्ही राखुंडीनं हिरड्या सोलून निघेस्तोवर घासायचो. डाग वरून लागलेला नव्हता. पक्के दात घडतात त्या वयात पाण्यातून आत गेलेलं ते होतं. चाळिशीतली माणसं उठताना भिंतीला हात लावून उठायची. पुढं कळत्या वयात मी स्वतः हापशाची बाटली भरून तालुक्याला नेली. लिटरला दीड मिलिग्रॅम ही मर्यादा, आणि आमचं पाणी तिच्या दुपटीच्या वर.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागं लागला आहे. तो पाणी तपासणारा माणूस खोटं बोलला का? नाही. त्यानं जी विहीर तपासली तिचं पाणी खरंच चांगलं होतं. त्याचा कागद खरा होता. तरीही त्या खऱ्या कागदाच्या आडोशानं आम्ही आणखी कितीतरी वर्षं ते पाणी पीत राहिलो. म्हणजे एक अक्षर खोटं न लिहिता माणसाला विष पाजता येतं काय? आणि येत असेल तर त्याचा जबाब कुणी द्यायचा?

हा प्रश्न माझ्या गावापुरता असता तर मी हे पान खराब केलं नसतं. पण हाच प्रश्न घेऊन बांगलादेशातला एक गावकरी लंडनच्या सर्वांत वरच्या न्यायपीठापर्यंत गेला होता. त्याची हकीकत आपल्या कार्यकर्त्यांना माहीत पाहिजे.

बांगलादेशात पूर्वी लोक तळ्याडबक्यांचं, नदीचं पाणी प्यायचे. पोरं हगवणीनं, कॉलऱ्यानं मरायची. १९७० नंतर युनिसेफच्या मदतीनं गावोगाव नळकूप ठोकले गेले. तिथं हापशाला नळकूप म्हणतात. जमिनीखालचं पाणी म्हणजे जंतूंविना पाणी, हे खरंच होतं. पोरं वाचली, हेही खरं. जे वाचलं ते नाकारून मला वाद जिंकायचा नाही.

पण त्या पाण्यात आर्सेनिक होतं. आपण ज्याला सोमल म्हणतो त्याच जातीचं विष. कुणी घातलेलं नव्हतं. गंगा आणि ब्रह्मपुत्रेनं हजारो वर्षं हिमालयातून वाहून आणलेल्या गाळात ते लोहाच्या कणांना चिकटून बसलेलं होतं. खोलवर, जिथं प्राणवायू पोचत नाही तिथं ते सुटतं आणि पाण्यात मिसळतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षं प्यालं की कातडीवर काळेपांढरे ठिपके येतात, तळहात-तळपाय चामखिळीसारखे टणक होतात, आणि पुढं कॅन्सर.

कलकत्त्यात के. सी. साहा नावाचे त्वचारोगाचे डॉक्टर होते. १९८३ च्या सुमारास पश्चिम बंगालच्या खेड्यांतून येणाऱ्या रोग्यांच्या तळहातांवरून त्यांनी हे दुखणं ओळखलं. १९८७ पर्यंत त्या रोग्यांत सीमेपलीकडून आलेले बांगलादेशी रोगीही सापडले होते. बांगलादेशाच्या पाण्यात आर्सेनिक आहे हे तिथल्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खात्यानं पक्कं केलं ते १९९३ च्या शेवटी, चापाई नवाबगंजला. मधली सहा वर्षं मोजा. जमिनीखालचं पाणी सीमा ओळखत नाही, विष ओळखत नाही, रोगी तर सीमा ओलांडून चालत आला. सीमा पाळली ती फक्त माहितीनं. ह्याला म्हणतात सहकार्याचा अभाव. शब्द किती साधा आहे. त्यात किती तळहात आहेत ते दिसत नाही.

आणि मधे १९९२ हे साल आहे. त्या वर्षी ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं ब्रिटनच्या परदेशी मदतीच्या पैशातून मध्य आणि ईशान्य बांगलादेशातल्या भूजलाचा एक छोटा अभ्यास केला. भूजलाचं रसायन काय आहे, माशांना आणि माणसांना ते विषारी ठरू शकतं का, हे बघायचा हेतू अहवालाच्या नावातच होता. कितीतरी मूलद्रव्यांसाठी पाणी तपासलं. आर्सेनिकसाठी तपासलं नाही. अशा गाळाच्या जमिनीत ते असेल अशी अपेक्षाच नव्हती, असं त्यांचं म्हणणं.

त्या गावकऱ्यानं दावा लावला. तुम्ही तपासलं, अहवाल दिला, त्यात आर्सेनिकचं नाव नाही. म्हणून पाणी चांगलं असं आमच्या सरकारनं धरलं आणि आम्ही पीत राहिलो. २००६ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला : संस्थेवर त्याच्याबाबत कायदेशीर जबाबदारी नाही. पाणीपुरवठा तिच्या हाती नव्हता, त्या माणसाशी तिचं जवळचं नातं नव्हतं. एक अहवाल लिहिला म्हणून एका देशाच्या सगळ्या लोकसंख्येला जबाबदार धरता येणार नाही.

मी हा निकाल काय आहे तो समजून घेतला तेव्हा आधी शिवी आली तोंडात. मग थांबलो. कारण न्यायाधीशांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे. उद्या बाटली भरणाऱ्या प्रत्येकाला कोर्टात खेचलं तर बाटली भरायला कोण येईल? ज्यानं काहीच तपासलं नाही तो सुटणार आणि ज्यानं अर्धं तपासलं तो अडकणार, हा कुठला न्याय? नळकुपांची पहिली जबाबदारी ते ठोकणाऱ्यांची आणि त्या देशाच्या सरकारची, हेही मला मान्य. आपण चळवळीतली माणसं दुसऱ्याची बाजू ऐकत नाही असं लोक बोलतात. म्हणून मी ही बाजू मुद्दाम पूर्ण मांडली.

आणि तरीही माझं समाधान होत नाही. नुकसानभरपाई ही एक गोष्ट. सांगण्याचं कर्तव्य ही दुसरी. मला त्या संस्थेकडून पैसे नकोत. मला एक ओळ हवी होती, अहवालाच्या पहिल्या पानावर, गावकऱ्याला समजेल अशी : ‘आर्सेनिक आम्ही तपासलेलं नाही.’ बस्स. एवढी एक ओळ ठळक लिहिली की मोजणारा सुटला आणि पिणारा जागा झाला. त्या ओळीला किती खर्च येतो? माझ्या गावच्या फळ्यावरच्या कागदाखाली ‘वस्तीचा हापसा तपासलेला नाही’ एवढं कुणी लिहिलं असतं तर माय गप बसली नसती. तिनं वस्ती उठवली असती.

माझं म्हणणं एवढंच आहे. जो मोजतो त्यानं आपलं न मोजलेलंही सांगितलं पाहिजे. न मोजलेलं लपवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, पण खोट्याचं सगळं काम ते करतं.

आता तुमच्यातला कुणी म्हणेल, अरे आपण विज्ञानाची माणसं. आपल्याला बाटलीचा संशय कशाला? बरोबर आहे. आपल्या देशात पाण्याची तपासणी हजारो वर्षं बाटलीनं झालीच नाही, ती स्पर्शानं झाली. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्याले, आणि नंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते तळं ‘शुद्ध’ केलं. शेण घातलेलं पाणी शुद्ध आणि माणूस प्यालेलं पाणी बाटलेलं! ते तळं आपलंही आहे हे हायकोर्टाकडून कायम व्हायला १९३७ उजाडलं. ‘शुद्ध’ आणि ‘स्वच्छ’ ह्या दोन शब्दांत किती अंतर आहे ते आपल्याइतकं कुणाला माहीत? स्वच्छता मोजता येते. शुद्धता फक्त लादता येते. म्हणून प्रयोगशाळेची बाटली आली तेव्हा आपल्याला वाटलं, आता पाण्याची जात गेली.

पाण्याची जात गेली. पण बाटली कोणत्या विहिरीत बुडवायची हे जो ठरवतो त्याच्या डोक्यातली गेली काय? काचेला जात नाही. नकाशाला आहे.

बांगलादेशात काय झालं बघा. २००० ते २००३ च्या दरम्यान सुमारे ५० लाख नळकूप तपासून त्यांची तोंडं रंगवली. विषारी तो लाल, चांगला तो हिरवा. दहातले जवळजवळ तीन लाल निघाले. आपल्याकडंही ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं, तसंच. हे काम मोठं होतं आणि ते अनेक देशांच्या मदतीनं झालं. ज्या ब्रिटिश संस्थेवर दावा झाला तीच १९९८-९९ मध्ये तिथल्या खात्याबरोबर परत आली, देशभर मोजणी केली आणि उथळ नळकुपांपैकी २७ टक्क्यांत आर्सेनिक लिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर आहे हे सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० आहे. ती लावली तर ४६ टक्के. बांगलादेशात मर्यादा अजून ५० चीच आहे, कारण गरीब देशाला १० झेपत नाही म्हणतात. शरीराला मात्र आपण कुठल्या देशात आहोत ते माहीत नसतं.

रंग लागला. पुढं? ज्यांच्या अंगावर ठिपके होते त्यांना लोक महारोग्यासारखे वागवू लागले. नवऱ्यांनी बायका टाकल्या, लग्नं मोडली, दुसऱ्याच्या नळकुपावर पाणी भरू दिलं नाही. ज्या पाण्यानं रोग दिला त्यानं विटाळही दिला. हे वाचताना माझे हात थरथरले. विटाळ कुठल्या एका धर्माची मक्तेदारी नाही, दोस्तहो. पाणी आणि भीती एकत्र आली की तो उगवतो.

आणि खोल, सुरक्षित असे जे नवे सरकारी नळकूप आले ते कुठं बसले? ह्यूमन राइट्स वॉचनं २०१६ च्या अहवालात लिहिलं आहे की राजकारण्यांनी ते आपल्या पाठीराख्यांच्या, नातेवाइकांच्या दारात बसवून घेतले. तेव्हाही अंदाजे दोन कोटी माणसं मर्यादेबाहेरचं पाणी पीत होती. मोजणी झाली, रंग झाला, पैसा आला आणि कूप पाटलाच्या अंगणात. आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको.

मग जगात कुठं हे नीट झालंच नाही काय? झालं. ऱ्हाईन नदी घ्या. स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनीतून वाहत हॉलंडला समुद्राला मिळते. वरच्यांनी घाण सोडायची आणि शेवटच्या हॉलंडनं ती प्यायची. आमच्या गावच्या नदीवरही असाच क्रम : वरच्या अंगाला गावाचं पाणी, मग धुणी, मग जनावरं, आणि सगळ्यात खाली आम्ही. फरक एवढाच की १९५० साली ऱ्हाईनकाठच्या देशांनी आयोग नेमला आणि त्यात सगळ्यात खालच्याला वरच्याइतकीच खुर्ची दिली. लगेच काही घडलं नाही. अनेक वर्षं नुसती मोजणी आणि भांडण. फ्रान्समधल्या खाणी नदीत मीठ सोडत, हॉलंडमधल्या एका रोपवाटिकेची झाडं जळत. तिनं दावा लावला. १९७६ साली युरोपच्या न्यायालयानं सांगितलं, जिथं घाण सोडली तिथंच नव्हे, जिथं नुकसान झालं तिथल्या कोर्टातही दाद मागता येईल. १ नोव्हेंबर १९८६ ला बाझलजवळ सँडोझ कंपनीचं गोदाम जळालं. आग विझवायचं पाणी कीटकनाशकं घेऊन नदीत गेलं, नदी लाल झाली, मासे मेले. मग लोक रस्त्यावर आले आणि पुढच्याच वर्षी ऱ्हाईनचा कृती कार्यक्रम ठरला. नाहीसा झालेला सॅल्मन मासा पुन्हा वर चढू लागला.

रोपवाटिकेचा प्रश्न वेगळा होता आणि नळकुपाचा वेगळा, हे मान्य. तिथं कोर्ट कुठलं हा वाद होता, इथं जबाबदारी कुणाची हा. पण मला राहून राहून वाटतं, हॉलंडच्या झाडांना जे नातं मिळालं ते बांगलादेशच्या माणसाला मिळालं नाही. सहकार्य तिथं जमलं जिथं खालचाही देश श्रीमंत होता, मतदार होता, बोलता होता.

साऱ्या जगाचं पाणी मोजायची योजना संयुक्त राष्ट्रांनी आणि जागतिक आरोग्य संघटनेनं १९७८ मध्ये सुरू केली. आज त्या नोंदी ऱ्हाईनकाठीच, जर्मनीत कोब्लेंझला साठवल्या जातात. चांगली योजना आहे. पण तिच्यातही माझ्या गावचा नकाशा दिसतो. २०२१ ला संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं : ८९ देशांतल्या ७५ हजारांवर जलाशयांची, नद्यांची, भूजलाची माहिती आली. त्यातली तीन चतुर्थांशांहून जास्त २४ श्रीमंत देशांतली. सगळ्यात गरीब २० देशांची मिळून हजाराच्या जरा वर. आणि निदान ३०० कोटी माणसं अशी की ती ज्या पाण्यावर जगतात ते कसं आहे तेच नीट कळत नाही. त्यांनीही लिहिलं, ‘माहिती नाही.’ मी म्हणतो, हीच त्या कागदाची सगळ्यात खरी ओळ. ३०० कोटींची एक वस्ती, जिथं बाटलीवाला अजून आलेला नाही.

तर मग आपण काय मागायचं? तीन प्रश्न मागून घ्यायचे. कोणती विहीर तपासली? कोणतं विष तपासलं? कुणाला सांगितलं? हे प्रश्न ग्रामसेवकाला विचारायचे, जिल्ह्याला विचारायचे, दिल्लीला विचारायचे आणि कोब्लेंझलाही. १९९२ चा हेलसिंकीचा पाणी करार आहे. नमुने तपासले की निकाल लोकांना फुकट बघायला मिळाला पाहिजे असं त्यात लिहिलं आहे. आधी तो युरोपापुरता होता, २०१६ पासून सगळ्या जगाला खुला झाला. बांगलादेश २०२५ मध्ये त्यात गेला. भारत त्यात नाही. आपल्या मोर्चांच्या मागण्यांत ही मागणी मी कधी ऐकली नाही. ऐकली पाहिजे.

शेवटी एक कबुली, नाहीतर हा लेख अर्धाच तपासलेला राहील.

मी बाटली भरून तालुक्याला गेलो, ओरडलो, अर्ज केले, उपोषणाला बसलो. दोन वर्षांनी आमच्या वस्तीला नळाचं पाणी आलं. हापशावर लाल फुली मारली. सत्कार झाला माझा. त्या रात्री माय म्हणाली, “आन् पलीकडच्या मातंग वस्तीचा हापसा रं? त्यो बी त्याच खडकातला न्हाई का?”

माझ्या सगळ्या अर्जांत त्या हापशाचं नाव नव्हतं. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. फक्त माझी बाटली तिथं बुडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाटली धुतली आणि तिकडं गेलो. उशीर झाला होता. तिथल्या पोरांचे दात मी हसताना पाहिले.

जय भीम.